कलम ८०सीचा धाक गेला. आता बचत टिकवायची कशी आणि मौज करायची कशी?

जानेवारी उजाडला की ऑफिसात एचआरचा मेल यायचा: गुंतवणुकीचे पुरावे अमुक तारखेच्या आत अपलोड करा, नाहीतर पगारातून जादा टीडीएस कापला जाईल. मग धावपळ सुरू. एलआयसीच्या पावत्या शोधा, पीपीएफचं पासबुक भरून आणा, मुलांच्या शाळेतून फीचं सर्टिफिकेट मिळवा, आणि तरीही दीड लाखाचा आकडा गाठला जात नसेल तर ओळखीच्या एजंटाला फोन करून मार्चच्या आत एखादी पॉलिसी उतरवा. या घाईत कितीतरी लोकांच्या गळ्यात नको त्या पॉलिसी पडल्या, हे खरं. पण त्याच घाईत दरवर्षी काही रक्कम अशा जागी जाऊन बसत होती, जिथून ती सहजासहजी काढता येत नव्हती.

आता तो मेल अनेकांना येत नाही, आणि आला तरी त्यात भरण्यासारखं फारसं नसतं. त्यामुळे हातात जास्त पैसे येतात आणि महिनाअखेरीला ते दिसतही नाहीत, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. असं का होतं, आणि आनंदाला कात्री न लावता बचत चालू कशी ठेवता येईल, ते समजून घेऊ.

नेमकं बदललं काय?

आयकर कायद्यातलं कलम ८०सी सांगायचं की पीपीएफ, विमा हप्ता, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, गृहकर्जाची मुद्दल, मुलांची ट्यूशन फी अशा ठरावीक गोष्टींत घातलेले दीड लाख रुपयांपर्यंतचे पैसे उत्पन्नातून वजा करा आणि उरलेल्यावर कर भरा. ही दीड लाखाची मर्यादा २०१४-१५ पासूनची. ही सवलत जुन्या करपद्धतीत आजही आहे. पण २०२३-२४ पासून नवी करपद्धत हीच आपोआप लागू होणारी पद्धत झाली, आणि तिच्यात ही सवलत नाही. त्याऐवजी कराचे दर कमी आहेत.

२०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरला नाही. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यासाठी हा आकडा पावणेतेरा लाख होतो. (शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या काही उत्पन्नांना हे लागू नाही.) करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख असलेल्या माणसाचा वर्षाला ८०,००० रुपये कर वाचला. म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांहून जास्त.

सरकारने या बदलातून दोन गोष्टी एकदम केल्या. हातात पैसे दिले आणि ते बाजूला ठेवण्याची सक्ती काढून घेतली. पगारातून पीएफ कापला जातोच, तेवढी शिस्त शिल्लक आहे. पण ज्यांना पीएफ नाही, किंवा ज्यांचा पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच कापला जातो, त्यांच्यासाठी बचत आता पूर्णपणे स्वतःच्या मर्जीवर आली आहे.

मर्जीवर सोडलं की गाडी का अडते?

याचं उत्तर स्वभावात आहे, आणि तो स्वभाव तुमचा-माझा एकट्याचा नाही. आज हातात येणारं सुख मनाला मोठं दिसतं आणि दहा वर्षांनी मिळणारं फार लहान. अर्थशास्त्रात याला वर्तमानाचा ओढा म्हणता येईल. पुढच्या महिन्यापासून पाच हजार बाजूला टाकू, असं आपण मनापासून म्हणतो. पुढचा महिना उजाडला की तो ‘आज’ होतो आणि ओढ पुन्हा तितकीच लागते. यात आळस किंवा उधळेपणा शोधायची गरज नाही.

अमेरिकेतल्या रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोन अर्थतज्ज्ञांनी या ओढीशी भांडण्याऐवजी तिचाच उपयोग करून घेतला. त्यांनी एका कंपनीतल्या कामगारांना सांगितलं: आज एक पैसाही वाढवू नका; फक्त एवढं कबूल करा की पुढची पगारवाढ झाली की त्यातला काही भाग आपोआप निवृत्तीच्या खात्यात जाईल. ज्यांना हे सुचवलं त्यांतल्या बहुतेकांनी होकार दिला, कारण आजच्या पगाराला धक्का लागत नव्हता. चाळीस महिन्यांत या लोकांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांच्या वर गेली. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे हे जमवणं फार सोपं आहे. सरकारी नोकरीत महागाई भत्ता साधारण जानेवारी आणि जुलैच्या हिशेबाने वाढतो, खासगीत वार्षिक वाढ होते. वाढीचं पत्र हातात पडेल त्याच आठवड्यात आरडी (बँकेत दरमहा ठरावीक रक्कम टाकायची ठेव) किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) यांची रक्कम वाढीच्या निम्म्याने वाढवायची. उरलेली निम्मी वाढ घरात मोकळेपणाने खर्चायची. राहणीमान थोडं सुधारतं, बचतही वाढते, आणि कोणाला काही सोडावं लागत नाही. प्रेरणा टिकवण्याची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

पगार म्हणजे धरण

पावसाळा संपला की धरणात किती पाणी साठलं याचा हिशेब होतो आणि कालवा सल्लागार समितीची बैठक बसते. पिण्याचं पाणी जुलैच्या मध्यापर्यंतसाठी आधी राखून ठेवलं जातं. मग शेतीला किती आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, द्यायची आणि ती कोणत्या तारखांना सोडायची हे ठरतं. बाष्पीभवनात किती जाईल तेही धरलेलं असतं. आणि सगळ्यात तळाशी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी. उजनीच्या मृतसाठ्यात ६३ टीएमसीच्या आसपास पाणी असतं. धरण वजा पातळीत गेलं अशी बातमी येते तेव्हाही सोलापूरला पाणी मिळतं ते यातूनच.

पगाराचं नियोजन याच क्रमाने करावं. समजा, नवरा-बायकोचे मिळून महिन्याला ९०,००० रुपये हातात येतात. घरभाडं किंवा हप्ता, किराणा, शाळा, वीज, औषधं, आई-वडिलांना पाठवायचे पैसे मिळून ५८,००० जातात. हे पिण्याचं पाणी. त्याला हात लावायचा नाही. १६,००० पुढच्या काळासाठी. ९,००० मौजेसाठी. उरलेले ७,००० हे बाष्पीभवन: चहा, रिक्षा, ऐनवेळी मागवलेलं जेवण, वाढदिवसाची वर्गणी, यूपीआयवरून सुटत राहणारे पन्नास-शंभर रुपये. हे होणारच. ते धरलं नाही तर दर महिन्याला हिशेब चुकतो, आणि चार महिने हिशेब चुकला की माणूस वही मिटून ठेवतो.

मृतसाठा म्हणजे अडीअडचणीसाठीचा पैसा. वरच्या घराला चार महिन्यांचा आवश्यक खर्च म्हणजे २,३२,००० रुपये. हे आधी साठवायचे, बाकी गुंतवणूक नंतर. नोकरी गेली, ॲडमिट व्हावं लागलं, तर मोडायला काहीतरी लागतं. हा साठा नसेल तर पहिल्याच संकटात एसआयपी बंद पडते, एफडी मोडावी लागते, आणि मग ‘बचत करून काय मिळालं’ असं वाटू लागतं.

या सगळ्यात मौजेचे ९,००० ही आवर्तनं आहेत. ती ठरलेली आहेत, त्यांना तारीख आहे, आणि ती सुटली म्हणून कोणी अपराधी वाटून घेत नाही. बहुतेक घरांत मौजेला स्वतःची रक्कम नसते. ती बचतीतून चोरून होते किंवा क्रेडिट कार्डावर होते. म्हणून ती करताना रुखरुख लागते आणि केल्यावर पश्चात्ताप होतो. बचत सुटते ती इथे.

मौजेचे पैसे आधी का भरावेत?

१९९८ साली ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन या दोन अभ्यासकांनी लोकांना एक प्रश्न विचारला. सहलीला जायचंय, पैसे सहा हप्त्यांत द्यायचेत: हप्ते जाण्याआधी द्याल की आल्यावर? बहुसंख्य म्हणाले, आधी. हाच प्रश्न कपडे धुण्या-वाळवण्याच्या मशीनबद्दल विचारला, तर बहुसंख्य म्हणाले, नंतर. दोन्हीकडे किंमत तीच, आणि व्याज नाही. हिशेबाने पाहिलं तर नंतर देण्यात थोडा फायदाच. तरी सहलीचे पैसे लोकांना आधी फेडून टाकायचे होते.

विचार केला तर उमगतं. मशीन वर्षानुवर्षं कपडे धुतं, त्यामुळे त्याचा हप्ता देताना काहीतरी मोबदला समोर दिसतो. मनालीहून परत आल्यावर बॅगा रिकाम्या झालेल्या असतात, फोटो पाहून संपलेले असतात, आणि पुढचे नऊ महिने हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातो. सहलीचा आनंद मागे जाऊन आंबट होतो.

पैसे आधी भरले की याच्या उलट घडतं. नेदरलँड्समधल्या दीड हजारांवर लोकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते, पण कधी? निघण्याआधी. परत आल्यावर बहुतेकांमध्ये फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे सहलीच्या सुखाचा मोठा वाटा वाट पाहण्यात आहे. कोकणात गणपतीला जाणाऱ्यांना हे कोणी सांगायला नको. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठच्या ठोक्याला घरातली सगळी मोबाइल घेऊन बसतात, तिकीट कन्फर्म झालं की गावाला फोन जातो, आणि त्या दिवसापासून घरात गणपती सुरू होतो.

म्हणून मौजेच्या ९,००० मधले ५,००० मोठ्या मौजेसाठी वेगळ्या आरडीत टाकावेत. वर्षाला ६०,००० रुपये आणि वर थोडं व्याज. चौघांची केरळची नाहीतर राजस्थानची बेताची सहल यात बसते. उरलेले ४,००० दर महिन्याला संपवायचेच: नाटक, हॉटेल, पुस्तकं, मुलांसोबत एखादा सिनेमा. हे वाचवून बचतीत टाकले तर छान, असं वाटेल. टाकू नका. मौजेचा कोटा खाऊन उभी केलेली बचत एक दिवस उफाळून बाहेर पडते.

बचतीला नाव आणि चेहरा द्या

‘भविष्यासाठी’ या शब्दात मन रमत नाही. भारताच्या ग्रामीण भागातल्या मजुरांवर दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी एक प्रयोग केला. तो २०११ मध्ये छापून आला. बचतीची रक्कम बंद पाकिटात ठेवायची. काहींच्या पाकिटावर त्यांच्याच मुलांचा फोटो होता, काहींच्या नव्हता. काहींना रक्कम एकाच पाकिटात दिली, काहींना दोन पाकिटांत वाटून. फोटोवाल्यांची आणि दोन पाकिटंवाल्यांची बचत जास्त टिकली. एक पाकीट फाडलं तरी दुसरं बंद राहतं, आणि मुलाच्या चेहऱ्यावरून पाकीट फाडायला हात धजत नाही.

आपल्या आज्या हेच करत होत्या. डाळीच्या डब्यातले पैसे वेगळे आणि साड्यांच्या घडीतले वेगळे. आज बँकेच्या ॲपवर आरडीला नाव देता येतं. ‘आरडी ३’ याऐवजी ‘सईची बारावीनंतरची फी’ असं लिहा. मोडताना बोट अडखळतं की नाही, पाहा.

भिशी टिकते तीही अशाच कारणाने. अकरा जणी पैसे घेऊन बसलेल्या असताना बाराव्या बाईला नाही म्हणता येत नाही. बचत गटांचंही तेच. नाबार्डने १९९२ पासून गटांना बँकांशी जोडलं, त्याआधी आणि त्यानंतरही गट चालतो तो ठरल्या दिवशी सगळ्या जमतात म्हणून. मात्र भिशीला कायद्याचं संरक्षण नसतं. पैसे घेऊन कोणी गेलं तर हात चोळत बसावं लागतं. म्हणून भिशी ओळखीच्यांत, लहान रकमेची, आणि मौजेच्या पैशांची असावी. आयुष्यभराची पुंजी तिथे नको.

“पण पगारच पुरत नाही, वाचवायचं काय?”

हा आक्षेप खरा आहे, आणि ज्यांचं उत्पन्न आवश्यक खर्चातच संपतं त्यांना प्रेरणेचे धडे देणं मला योग्य वाटत नाही. तिथे प्रश्न उत्पन्नाचा आहे. पण घरात क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर एक काम सगळ्यांत आधी करा. कार्डावरचं व्याज अनेकदा महिन्याला साडेतीन टक्के असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ५०,००० रुपये थकले तर एका महिन्याचं व्याज १,७५०, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून जी छोटी रक्कम छापलेली असते, तेवढीच भरत राहिलात तर उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. अशा वेळी आरडीत पैसे टाकण्यापेक्षा कार्ड फेडणं हीच बचत. इतकं खात्रीचं उत्पन्न दुसऱ्या कुठल्या गुंतवणुकीत मिळणार नाही.

“महागाई सगळं खाते, मग साठवून उपयोग काय?”

महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. त्यामुळे बचत खात्यात पडून राहिलेले पैसे खरोखरच झिजतात; मोठ्या बँकांचा बचत खात्यावरचा दर २०२५ पासून अडीच टक्क्यांच्या आसपास आला. पण यावरून ‘खर्चून टाकू’ असा निष्कर्ष निघत नाही, ‘जागा बदलू’ असा निघतो. मृतसाठा तेवढा एफडीत नाहीतर खात्यात असू दे. दहा-पंधरा वर्षांचे पैसे पीपीएफ, पीएफ, म्युच्युअल फंड अशा ठिकाणी जायला हवेत.

पीपीएफचं उदाहरण घ्या. त्याचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. दर एप्रिलच्या पाच तारखेच्या आत ६०,००० भरले आणि दर तोच राहिला, तर १५ वर्षांत भरलेले ९ लाख, हातात सुमारे १६ लाख २७ हजार. पाच तारखेचं महत्त्व असं की व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकीवर मोजतात. सहा तारखेला भरलं की त्या महिन्याचं व्याज गेलं.

पैसे ठेवण्याची जागा बदलताना आणखी एक पाहायचं. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत मिळतात. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबईतल्या कितीतरी निवृत्तांची सगळी पुंजी एकाच ठिकाणी अडकली होती. एक टक्का जास्त व्याजासाठी सगळं एका बँकेत ठेवू नये. आणि पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावं.

“उद्याचा भरवसा नाही, आजच जगून घेऊ”

करोनानंतर हे वाक्य फार ऐकू येतं आणि त्यामागचं दुःख खरं आहे. पण ज्या घरात कमावता माणूस गेला, तिथे पुढच्या महिन्याची फी कोणी भरली हेही पाहावं. भरवसा नसतो म्हणूनच टर्म इन्शुरन्स आणि आरोग्य विमा लागतो. हे हप्ते बचतीच्या आधी, पिण्याच्या पाण्यात धरावेत.

याचं दुसरं टोकही मी जवळून पाहिलं आहे. ओळखीच्या एका काकांनी आयुष्यभर पै-पै जोडली. काकूंना काश्मीर पाहायचं होतं. आधी बहिणीचं लग्न, मग घर, मग मुलाचं इंजिनिअरिंग. आता एफडीचं व्याज पेन्शनइतकं येतं, मुलगा विमानाची तिकिटं काढून द्यायला तयार आहे, आणि काकूंना दोन जिने चढवत नाहीत. पैसे व्याजासकट परत मिळाले, गुडघे मिळाले नाहीत. काही सुखांना वयाची मुदत असते: लहान मुलांना समुद्रावर नेणं, आई-वडिलांना हिंडवणं, ट्रेक. ती सुखं पुढे ढकलू नयेत, त्यांच्यासाठी बचतीतून महिना-दोन महिन्यांचा खाडा पडला तरी चालेल. मोठी गाडी, मोठा टीव्ही, फर्निचर यांना अशी मुदत नसते. ते थांबू शकतं.

“घरात दोघांचं एकमत होत नाही”

एकाला गावाकडे जमीन घ्यायची असते, दुसऱ्याला फिरायचं असतं. इथे उपदेश कामाचा नाही, मांडणी कामाची. दोघांच्या नावावर दर महिन्याला थोडी रक्कम अशी ठेवा जिचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. दोन हजार असली तरी चालेल. बायको नोकरी करत नसेल तर तिचीही रक्कम असलीच पाहिजे. भाजीतून वाचवलेल्या पैशांवर तिची हौस भागावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. बाकी मोठे निर्णय वर्षातून एकदा, दिवाळीचा बोनस येण्याच्या आधी, कागद घेऊन बोलावेत. बोनस आल्यानंतर बोललं तर तो आधीच कुणाच्या तरी मनात खर्च झालेला असतो.

किती तारखेला काय करायचं?

पगार एक तारखेला येत असेल तर आरडी, एसआयपी आणि सहलीचं खातं या तिन्हींची ऑटो-डेबिट तारीख दोन किंवा तीन ठेवा. पंधरा तारखेला ठेवली तर तोवर खात्यात काय उरेल सांगता येत नाही, आणि हप्ता परत गेला तर बँक दंड लावते. रोजच्या यूपीआयला पगाराचं खातं जोडू नका. वेगळं खातं काढून त्यात महिन्याच्या सुरुवातीला बाष्पीभवनाचे ७,००० आणि मौजेचे ४,००० टाका. वीस तारखेला त्यात ९०० रुपये दिसले की उरलेले दहा दिवस कसे काढायचे ते कुणाला सांगावं लागत नाही. आणि नव्या करपद्धतीमुळे या वर्षी नेमका किती कर वाचला, ते बदलाआधीच्या वर्षाचा फॉर्म १६ आणि आताची पगाराची स्लिप शेजारी ठेवून आजच काढता येईल. त्या रकमेला बाराने भागा. जो आकडा येईल त्याच्या निम्म्याची आरडी या महिन्यात सुरू करा, आणि उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, मुलांनाही विचारून.